बटाटे जास्त शिजले तिचे

रात्री साडेदहाला टीव्हीसमोर बसते तेव्हा माझी एकच अट असते: कुणी ओरडू नये. मी बँकेत कर्ज विभागात आहे. दिवसभर लोक माझ्याशी एक तर आवाज चढवून बोलतात, नाही तर विनवण्या करतात, आणि दोन्हींनी कान सारखेच शिणतात. म्हणून मी रिमोटवरची ती छळवादी अक्षरं एकेक करत 'शांत' असं टाइप करते. ॲप मला केकची स्पर्धा दाखवतं, ज्यात एका बाईचं क्रीम ओघळतं आणि ती हमसून रडते. 'स्लो' टाकलं की स्लो मोशनमधली मारामारी. 'रिलॅक्स' टाकलं की निळ्या पाण्यातले मासे आणि वर पियानो. मासे बरे असतात, पण माशांना काही होत नाही. मला काहीतरी होणारं हवं असतं, फक्त ते माझ्या अंगावर येऊ नये.

यात थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. नदी संथ वाहते म्हटलं की ते कौतुक. सिनेमा संथ आहे म्हटलं की ती तक्रार. परीक्षणात 'मध्यंतरानंतर चित्रपट काहीसा संथ होतो' हे वाक्य आलं की तिकीट काढायचं नाही, एवढं आपल्याला कळतं. माझी आत्या सांगलीची, कृष्णाकाठची. ती 'संथ' हा शब्द फक्त पाण्याबद्दल वापरते (२०१९च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर पाण्याबद्दलही जरा जपूनच). सिनेमासाठी तिचा शब्द 'रटाळ'. आणि गाण्यासाठी तिसराच: 'विलंबित'. तिन्ही ठिकाणी वेग एकच असला तरी पहिल्याला ती नमस्कार करते, दुसऱ्याला शिव्या देते आणि तिसऱ्यासाठी सांगलीहून एसटीनं पुण्याला यायची.

दर डिसेंबरात. सवाई गंधर्व तेव्हा रमणबागेच्या मैदानावर रात्रभर चालायचा. मी शाळकरी, आत्याच्या शालीत. थर्मासमधला चहा, बाजूला कुणाच्या तरी पुडीतल्या बटाटेवड्याचा वास, आणि समोर स्टेजवर कुणीतरी एकच स्वर इतका वेळ धरून बसलेला की मला वाटायचं, हे पुढचं विसरले बहुतेक. पहाटे तीनच्या सुमारास निम्मा मांडव आडवा झालेला असे. कुणी कुणाला उठवत नसे. सगळ्यात नवलाचं म्हणजे माझ्या शेजारचे एक आजोबा डोळे मिटून चक्क घोरत होते, आणि सम (तालाच्या आवर्तनातली पहिली मात्रा) आली की त्यांची मान हलायची. तेव्हा मला ती जादू वाटली होती.

पुढे कॉलेजात असताना एका मैत्रिणीनं लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म आर्काइव्हमध्ये नेलं. यासुजिरो ओझूचा 'टोकियो स्टोरी', १९५३ सालचा. ओनोमिची नावाच्या बंदराच्या गावातून एक म्हातारं जोडपं मुलांना भेटायला टोकियोला येतं. मुलांना वेळ नसतो. वाईट कुणीच नसतं, नुसता वेळ नसतो. मग म्हाताऱ्यांना अटामीला, गरम पाण्याच्या झऱ्यांवर, आरामाच्या नावाखाली धाडून देतात. कॅमेरा जमिनीलगत, चटईवर मांडी घालून बसलेल्या माणसापेक्षाही खाली, आणि जवळजवळ हलतच नाही. मी विसाव्या मिनिटाला झोपले. जाग आली तेव्हा म्हातारी गेलेली होती. मैत्रिणीला कुजबुजत विचारलं, मध्ये काय झालं? ती म्हणाली, काही नाही, परत गेले, ती आजारी पडली, गेली. शेवटी म्हातारा घरात एकटा बसलेला, शेजारीण खिडकीतून दोन शब्द बोलून जाते, मागे बंदरात बोटीची धडधड.

बाहेर पडताना मला लाज वाटत होती. आणि तरी पुढचे कित्येक दिवस तो एकटा बसलेला म्हातारा डोक्यातून जाईना. ज्याचा पाऊण सिनेमा मी झोपेत काढला, तो माणूस मला एवढा का आठवत होता, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. आपल्याकडे राजा परांजप्यांनी पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, 'ऊन पाऊस' केला. म्हातारपणी मुलांच्या घरांत वाटल्या गेलेल्या जोडप्याचीच गोष्ट. तो बघताना आमच्या घरातल्या बायकांना कुठे रडायचं ते बरोबर ठाऊक असे, पदर आधीच हातात यायचा. ओझू ती सोय ठेवत नाही. त्यामुळे रडू कधी येईल याचा नेम राहत नाही. मला एका मंगळवारी सिग्नलला आलं.

झोपेचं म्हणाल तर अब्बास किआरोस्तामी या इराणी दिग्दर्शकानं एकदा म्हटलं होतं की, थिएटरात प्रेक्षकाला खुशाल डुलकी घेऊ देणारे सिनेमे त्याला जास्त आवडतात, कारण नंतर तेच रात्री जागवतात. हे वाचल्यावर मला रमणबागेतले आजोबा आठवले आणि लाज बरीच कमी झाली.

तर आत्या. गेल्या वर्षी ती सांगलीच्या घरात ओल्या फरशीवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, मग वॉकर, मग तीन महिने आमच्याकडे. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, त्यामुळे रिकामं बसायची सवय नाही आणि उठायची परवानगी नाही. मालिका तिला सोसेनात. "एकेक थोबाड तीन-तीनदा दाखवतात, तेही ढम् ढम् करून." हे तिचं निरीक्षण बारकाईचं आहे. मालिकेत कॅमेरा गरगरतो, विजा कडाडतात, आणि गणपतीत ठरलेला साखरपुडा होळीपर्यंत होत नाही. खरं रटाळ ते हे. पण त्याला कुणी संथ म्हणत नाही.

मग रात्री माझ्याबरोबर तीही बसायला लागली. सुरुवात सोप्यातून केली: अविनाश अरुणचा 'किल्ला'. वडील गेलेला मुलगा आणि कोकणात बदली झालेली त्याची आई. अविनाश अरुण स्वतःच कॅमेरामन, त्यामुळे त्यातला पाऊस हा आधी पाऊस असतो, मग प्रसंग. आत्याला मुलापेक्षा आई दिसली. अमृता सुभाष ऑफिसातून येते, पर्स ठेवते, आणि घरात विचारणारं कुणी नसतं. आत्याच्या सात बदल्या झाल्या होत्या. ती काही बोलली नाही, फक्त "रॉकेलचा वास आला मला" एवढंच म्हणाली. सिनेमात रॉकेल कुठेही नव्हतं.

मग 'द डिसायपल'. चैतन्य ताम्हाणेचा, २०२०चा; व्हेनिसला त्याला पटकथेचं पारितोषिक मिळालं. ख्याल गाणाऱ्या, किंवा गाता यावं म्हणून आयुष्य घालवणाऱ्या शरद नेरुळकरची गोष्ट. सुरुवातीलाच गुरुजी गात असतात. मागे तानपुऱ्यावर शरद, आणि कॅमेरा कळेल न कळेल इतक्या सावकाश त्याच्याकडे सरकत जातो. गाणाऱ्याकडे नाही, मागच्याकडे. मी आत्याला 'बघ, कॅमेरा कसा' वगैरे सांगायला तोंड उघडलं, तर तिनं हात वर केला. वर्गात मुलं बोलायला लागली की करत असेल तसा. गुरुजींच्या भूमिकेत अरुण द्रविड आहेत, खऱ्या आयुष्यातही गवई. आत्यानं पहिल्या दोन मिनिटांत ओळखलं की हा गाणारा माणूस आहे, नट नाही.

या सिनेमात रात्रीच्या मुंबईतून शरद बाइकवरून जात असतो, सगळं पाण्याखाली असल्यासारखं मंद, आणि कानात गुरुजींच्या गुरू माईंचं जुनं ध्वनिमुद्रण: साधना म्हणजे काय, एकटं राहायची तयारी आहे का, असं काहीबाही कठोर. तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. 'दोघी', 'वास्तुपुरुष', 'अस्तु', 'कासव' या सिनेमांच्या सुमित्राताई. त्या १९ एप्रिल २०२१ला गेल्या आणि ३० एप्रिलला हा सिनेमा नेटफ्लिक्सवर आला. मी तो पहिल्यांदा पाहिला त्या मे महिन्यात बाहेर रुग्णवाहिका धावत होत्या आणि आत तो आवाज. तेव्हा कुणाचा ते ठाऊक नव्हतं. आत्याला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, परत लाव. बाइकचा तेवढा तुकडा आम्ही तीन वेळा पाहिला.

शरदबद्दल तिचं मत कडक होतं. "तयारी आहे रे बाबा. गाणं नाही." मी म्हटलं, सिनेमा त्याबद्दलच आहे. "मग बरोबर गायलाय," ती म्हणाली, आणि गोळ्या घेऊन झोपायला गेली.

यानंतर माझी भीड चेपली, आणि मी जरा अतीच केलं. बेल्जियमच्या शांताल अकरमनचा 'झान दिएलमान' लावला. १९७५चा, २०१ मिनिटांचा. २०२२ साली ब्रिटनच्या 'साइट अँड साउंड' मासिकानं जगभरच्या समीक्षकांना विचारून सर्वोत्तम सिनेमांची यादी केली, तिच्यात हा पहिला आला होता, आणि मी तो कित्येक महिने 'एकदा बघू' म्हणून टाळत होते. सिनेमाचं पूर्ण नाव म्हणजे त्या बाईचं नाव आणि मग ब्रसेल्समधला तिचा पत्ता: तेवीस, के द्यु कॉमर्स, एक हजार ऐंशी. आत्या म्हणाली, "पिनकोडसकट?" पिनकोडसकट.

ब्रसेल्समधली एक विधवा, तिचा मोठा मुलगा, आणि तिचे तीन दिवस. ती बटाटे सोलते. मुलाचे बूट पॉलिश करते. खिमा मळते, आणि तो मळून होईपर्यंत आपण बघत बसतो. कॅमेरा समोर ठेवलेला, कंबरेच्या उंचीवर, जागचा हलत नाही. ती खोलीतून बाहेर पडताना प्रत्येक वेळी दिवा बंद करते. आत्याला ही बाई पहिल्या दहा मिनिटांत आवडली, ती दिव्यांमुळे. आमच्या घरात ती तीन महिने दिवेच बंद करत फिरत होती, वॉकरवर.

अडचण वेगळीच होती. दुपारी या बाईकडे एक गृहस्थ येतो, दार बंद होतं, उजेड बदलतो, दार उघडतं, तो पैसे देतो, ती ते जेवणाच्या टेबलावरच्या झाकणाच्या भांड्यात टाकते. मला हे ठाऊक होतं आणि तरी मी विसरले होते. मी रिमोट चाचपडायला लागले. सत्तरीच्या पुढच्या आत्याबरोबर हे कसं बघायचं? आत्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "पोराचं शिक्षण चाललंय त्यावर." एवढंच. मी रिमोट खाली ठेवला.

मग दुसरा दिवस. तीच कामं, तोच क्रम. माझं लक्ष खरं सांगायचं तर मोबाइलकडे गेलं होतं. आणि आत्या एकदम उशीवरून पुढे सरकली, खुब्यातून कळ आली असणार, आणि म्हणाली:

"बटाटे जास्त शिजले तिचे."

मी वर बघितलं. झान पातेलं हातात घेऊन घरभर फिरत होती, कुठे ठेवावं ते न सुचल्यासारखी. मला त्यात फक्त पातेलं दिसलं. आत्या म्हणाली, "काहीतरी बिनसलं. झाकणही लावलं नाही तिनं पैशाच्या भांड्याला." ते माझ्या नजरेतून पूर्ण सुटलं होतं. त्यापुढचा तासभर ती बाई नुसती खुर्चीत बसली तरी आमच्या दोघींच्या पोटात गोळा येत होता. एक दिवा चालू राहिला. केस विस्कटलेले. बटण तुटलेलं. खुनाच्या सिनेमात प्रेत सापडतं तेव्हा जो धक्का बसतो, तो इथे बटाट्यांनी दिला. तिसऱ्या दिवशी काय होतं ते मी सांगणार नाही. आत्यानं आधीच ओळखलं होतं, तपशिलासकट नाही, पण "आता ही काहीतरी करणार" असं.

नंतर कित्येक दिवस मी या बटाट्यांचा विचार करत होते, बँकेतसुद्धा, समोर कुणीतरी हप्ता चुकल्याची कारणं सांगत असताना. विलंबित ख्यालात काय होतं? बारा मात्रांचा एकताल, आणि एकेक आवर्तन मिनिटभर चालतं. नवख्याला तबला थांबलाय असं वाटतं. पण तो ठेका कानात मुरत असतो. एकदा मुरला की मग गवय्यानं सम जराशी उशिरा घेतली तरी मांडवभर 'आह' उठतो. आधीची पंधरा मिनिटं ऐकली नसतील तर तो उशीर उशीर वाटणारच नाही. अकरमननं पहिला अख्खा दिवस आमच्या कानात ठेका भरला होता. आत्याच्या मुरला, कारण तिनं पन्नास वर्षं तेच बटाटे सोललेत. माझा मोबाइलनं घालवला.

यावरून मला माझं शोधणं कुठे चुकत होतं तेही कळलं. मी वेग शोधत होते. वेग कमी असलेले वाईट सिनेमे भरपूर आहेत. एक जातच आहे: धुकं, टेकडी, पाठमोरा माणूस, वाऱ्याचा आवाज, आणि कुणीतरी एक वाक्य बोलून दहा मिनिटं गप्प. धुकं लावलं म्हणजे चिंतन होत नाही. महोत्सवात जानेवारीच्या थंडीत तासभर रांगेत उभं राहून मी असे किती तरी पाहिलेत, आणि बाहेर येऊन 'काय फ्रेम्स होत्या' असं खोटं बोलले आहे. ठेका नाही, नुसताच तानपुरा. आता माझी पारख घरगुती आहे: पहिल्या वीस मिनिटांत सिनेमात कुणी एखादं काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत करतं का? दाढी, कणीक, पंक्चर, काहीही. केलं, तर मी बसते. मग झोप आली तरी बसते.

या पारखीवर सापडलेली गोष्ट बहुतेक वेळा ॲपच्या पहिल्या पानावर नसते. एक नाव दुसऱ्याकडे नेतं. ताम्हाणेमुळे मी मागे जाऊन 'कोर्ट' परत पाहिला. त्यात सुट्टी जाहीर होते, माणसं निघून जातात, एकेक दिवा बंद होतो आणि रिकाम्या अंधाऱ्या कोर्टाकडे आपण बघत राहतो. तिथेच संपला असं वाटतं. मग पुढे न्यायाधीश महाशय सहलीला जाऊन बाकावर डुलकी काढतात, पोरं ओरडून दचकवतात, ते एकाच्या थोबाडीत देतात आणि परत झोपतात. झोपेवर एवढा कडवट शेवट मी दुसरा पाहिलेला नाही. रोहन कानवडेचा 'साबर बोंडं', ज्याला २०२५ला सनडान्समध्ये मोठं पारितोषिक मिळालं, तो मुंबईत राहणारा मुलगा वडील गेल्यावर गावी दहा दिवस काढतो त्याची गोष्ट आहे. दहा दिवस हा हिशेब मला फार पटला. आपल्या घरांत वेळ खरोखर संथ होतो तो सुतकातच. कुठे जायचं नसतं, करण्यासारखं काही नसतं, येणारे गप्प बसतात, आणि एरवी न दिसलेली माणसं दिसायला लागतात. त्या दहा दिवसांत त्या मुलाला जे दिसतं ते घाईत दिसलं नसतं.

आत्या सांगलीला परतण्याच्या आदल्या रविवारी मी मणी कौलचा 'उसकी रोटी' लावला. मोहन राकेशच्या कथेवरचा, साठचं दशक संपताना केलेला. मणी कौल आमच्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा, ऋत्विक घटकांचा विद्यार्थी. पुढे तो उस्ताद झिया मोहिउद्दीन डागरांकडे ध्रुपद शिकला आणि १९८२ मध्ये 'ध्रुपद' नावाचा माहितीपटच केला. हे मी आत्याला लाच म्हणून आधीच सांगितलं, कारण 'उसकी रोटी' हा बसायला कठीण आहे हे मला माहीत होतं. पंजाबातलं खेडं. बालो नावाची बाई रोज बस ड्रायव्हर असलेल्या नवऱ्यासाठी रोट्या बांधून रस्त्यावर जाते आणि त्याच्या बसची वाट बघत उभी राहते. आज उशीर झालाय, तो रागावला असेल. बस. कथा एवढीच. पात्रं बोलतात ती सपाट, पाठ केल्यासारखी. काय आत्ता घडतंय, काय तिला आठवतंय, कळायला वेळ लागतो. हात, फडकं, झाड, रिकामा रस्ता.

आत्या बराच वेळ गप्प होती. मग कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. मी उठणार, तर ती म्हणाली, बैस, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. वॉकर टक टक करत स्वयंपाकघराकडे गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला, मग बहुधा तिनं कट्टा पुसला, दिवा घालवला, आणि टक टक परत. वॉकरवर आमच्या स्वयंपाकघराची फेरी म्हणजे पाच मिनिटांचं काम.

"थांबवून ठेवलंस होय? कशाला. मला कळलं असतं."

"थांबवलं नव्हतं."

तिनं पडद्याकडे बघितलं. बालो हातात रोटी धरून झाडाखाली उभी होती.

"बस आली नाही ना अजून?"

"नाही."

"मग ठीक आहे," म्हणत तिनं वॉकर भिंतीला लावला आणि बसली.